पदवीच्या पहिल्या वर्षी विषय कोणते निवडावेत?
शेतकरी पालकांस व नव्या विद्यार्थ्यांस काही सूचना

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की शेतकरी बी-बियाण्याच्या व खताच्या विवंचनेत असतो. नेमक्या त्याच सुमारास बारावी उत्तीर्ण झालेल्या त्याच्या मुलामुलींचे महाविद्यालयातील प्रवेशही चालू असतात. बियाणे घेताना आपण पिशवीवरील वाण, उगवणशक्तीचा आकडा व मुदत पाहतो, दोन शेजाऱ्यांचा अनुभव विचारतो आणि पावती जपून ठेवतो. परंतु मुलाच्या तीन-चार वर्षांचे पीक ज्यावर अवलंबून आहे, ते विषय निवडण्याचे काम मात्र पुष्कळ घरी तालुक्याच्या गावी, इंटरनेट केंद्राच्या चालकाकडून दहा मिनिटांत उरकून घेतले जाते. अर्जातील रकाना रिकामा राहू नये म्हणून तो जे भरील ते विषय, असा प्रकार आम्ही अनेकदा पाहिला आहे. सबब ह्या बाबीचा थोडा साधकबाधक विचार वाचकांपुढे मांडणे आम्हांस अवश्य वाटते.

आमचे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेतले. महाविद्यालयाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. तथापि महसूल खात्यात कारकुनी करीत असता उत्पन्नाच्या, जातीच्या व अल्पभूधारकाच्या दाखल्यांसाठी येणारे शेकडो पालक आम्ही जवळून पाहिले. आणि सेवानिवृत्तीनंतरही महाविद्यालयाचे माहितीपत्रक घेऊन ‘हे काय लिहिले आहे ते सांगा’ म्हणून येणाऱ्यांची वर्दळ आमच्या ओसरीवर चालूच आहे. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावयाचा ही आमची जुनी सवय. त्या सवयीने जे समजले, तेवढेच येथे लिहीत आहोत.

नवी रचना

पूर्वी कला, वाणिज्य व विज्ञान ह्यांपैकी एक शाखा घेतली की बहुतेक विषय आपोआप ठरत असत. 2020 साली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी विद्यापीठांच्या विभागांत व स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून, आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाली. तेव्हापासून विद्यार्थ्याच्या हाती निवडीचा अधिकार पुष्कळच आला आहे. अधिकार आला की जबाबदारीही येते, आणि ती पेलण्यास माहिती लागते.

प्रथम हिशेबाचे माप समजून घ्यावे. महाविद्यालयात ज्यास क्रेडिट म्हणतात, त्यास मराठीत श्रेयांक म्हणतात. एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात व्याख्यानाचे सुमारे 15 तास, अथवा प्रात्यक्षिकाचे सुमारे 30 तास. एका सत्रात 20 ते 22 श्रेयांक व वर्षास 40 ते 44 श्रेयांक मिळवावयाचे असतात. जमिनीचे क्षेत्र जसे गुंठ्यांत मोजतात तसे अभ्यासाचे क्षेत्र श्रेयांकांत मोजतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. तीन वर्षांत 120 ते 132 श्रेयांक झाले की पदवी, आणि चौथे वर्ष केल्यास 160 ते 176 श्रेयांकांवर ऑनर्स पदवी मिळते.

आता विषयांचे प्रकार. पहिला मुख्य विषय, ज्यास मेजर म्हणतात. पदवी ह्याच विषयाची समजली जाते. दुसरा त्याच्या जोडीचा दुय्यम विषय, ज्यास मायनर म्हणतात. तिसरा खुला वैकल्पिक विषय. हा आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणजे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कला अगर वाणिज्य शाखेतील, व कलेच्या विद्यार्थ्याने विज्ञान अगर वाणिज्य शाखेतील. ह्याखेरीज कौशल्याचे विषय, भाषेचा विषय, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, आणि क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना किंवा राष्ट्रीय छात्रसेना ह्यांसारखे उपक्रम असतात.

येथे एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. सर्व विद्यापीठांची मांडणी एकसारखी नाही. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकवितात आणि मुख्य विषय कोणता व दुय्यम कोणता हे दुसऱ्या वर्षी ठरवावयाचे असते. काही ठिकाणी मुख्य विषय प्रवेशाच्याच वेळी निश्चित होतो. पहिल्या मांडणीत विद्यार्थ्यास वर्षभर विचारास अवकाश मिळतो. दुसरीत तो मिळत नाही. आपण ज्या महाविद्यालयात जात आहोत तेथे कोणती मांडणी आहे, हे अर्ज भरण्याच्या अगोदर विचारून घ्यावे.

पायाचा विषय

आमच्या मते पहिल्या वर्षाच्या निवडीत तीन गोष्टी साधल्या पाहिजेत: एक विषय पायाचा असावा, एक आवडीचा असावा व एक आपल्या भूमीचा असावा. ह्यांचा क्रमाने विचार करू.

पायाचा विषय म्हणजे ज्याच्यावर पुढील अनेक विषय उभे राहतात तो. विज्ञान शाखेत गणित, संख्याशास्त्र व रसायनशास्त्र हे असे विषय होत. कला शाखेत अर्थशास्त्र, भूगोल व भाषा. वाणिज्य शाखेत हिशेबशास्त्र. पायाचा विषय अनेकदा कठीण असतो, आणि म्हणूनच तो टाळण्याकडे मुलांचा कल असतो. विशेषतः गणिताविषयी ही तक्रार सार्वत्रिक आहे. बारावीत गुण कमी पडले, आता ती ब्याद नको, असे म्हणून मुले पहिल्याच वर्षी गणितास रजा देतात. पुढे तिसऱ्या वर्षी संख्याशास्त्रात अगर संगणकशास्त्रात पुढील शिक्षण घ्यावे असे मनात येते; तेव्हा कळते की त्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशास पदवीला गणित असणे पुष्कळ ठिकाणी आवश्यक आहे. बांधावरची वाट एकदा नांगरून टाकली की पुढे ती पुन्हा मिळविण्यास किती खेटे घालावे लागतात, हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

शिवाय गणित हा शेतकऱ्याच्या घरास परका विषय मुळीच नाही. आमच्या खात्यातील जुनी मोजणी साखळीने होत असे. एक साखळी म्हणजे 33 फूट व तिचे 16 आणे. साखळी लांब व साखळी रुंद जागा म्हणजे 33 गुणिले 33, अर्थात 1,089 चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. आणि 40 गुंठ्यांचा, म्हणजे 43,560 चौरस फुटांचा एक एकर. वेड्यावाकड्या शेताचे त्रिकोण पाडून त्याचे क्षेत्र काढण्याची कला आमच्या भागातील कित्येक अशिक्षित शेतकऱ्यांस अवगत होती. ज्या घरात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या घरातील मुलाने गणिताचे नाव ऐकून दचकावे, हे आम्हांस पटत नाही. बारावीचे गुण कमी असले तरी पहिल्या वर्षी मनापासून वर्षभर मेहनत करण्याची तयारी असल्यास तो विषय जरूर घ्यावा. ती तयारी नसेल तर मात्र केवळ प्रतिष्ठेपायी घेऊ नये.

भाषेचा विषयही पायाचाच समजावा. विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतांशी इंग्रजीतून होते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाची पहिली सहामाही शब्द समजण्यातच जाते. इंग्रजी भाषेचा विषय घेण्याची सोय असेल तर तो नुसता उत्तीर्ण होण्यापुरता घेऊ नये. त्याच सत्रात आपल्या मुख्य विषयाची परिभाषा मराठी व इंग्रजी अशी दोन रकान्यांत लिहून काढावी. आणि मराठीचाही तिटकारा करू नये. आपले म्हणणे एका पानात मुद्देसूद लिहिता न आल्यामुळे न्याय्य मागणीचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिलेले आम्ही पाहिले आहेत. ज्यास अर्ज, टिपण व अहवाल नीट लिहिता येतो, तो कोठेही अडत नाही.

आवडीचा विषय

आवड ही गोष्ट ऐकीव नसावी. बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलास मानसशास्त्र, संख्याशास्त्र अगर सूक्ष्मजीवशास्त्र आवडते की नाही, हे त्याने तो विषय कधी वाचलाच नसेल तर कसे कळावे? मित्राने घेतला म्हणून घेतला, अथवा नाव भारदस्त वाटले म्हणून घेतला, अशी उत्तरे आम्हांस नेहमी ऐकावयास मिळतात. ह्यावर उपाय अगदी सोपा आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम सविस्तर दिलेला असतो. मनात असलेल्या तीन-चार विषयांचे अभ्यासक्रम काढावेत. मागील वर्षाच्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात. आणि ग्रंथालयातून अगर वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून पहिल्या वर्षाचे पुस्तक आणून त्यातील पहिली दोन प्रकरणे वाचावीत. एक आठवड्याचे हे काम आहे. दोन प्रकरणे वाचून तिसरे उघडावेसे वाटले तर तो विषय आवडीचा. दुसऱ्याच प्रकरणात पुस्तक मिटले गेले तर तो विषय कितीही भारदस्त असो, आपला नव्हे.

सोपा विषय आणि आवडीचा विषय ह्यांतही भेद केला पाहिजे. सोप्या विषयास गुण मिळतात हे खरे. परंतु मुख्य विषय केवळ गुणांसाठी निवडणे म्हणजे वाढ जोमदार दिसते म्हणून दाणा न भरणारे वाण पेरण्यासारखे होय. दुय्यम अथवा उपक्रमाच्या विषयांत सोपेपणाकडे थोडे पाहिले तर हरकत नाही, कारण साऱ्याच विषयांचा भार एकदम पेलत नाही. मुख्य विषयात मात्र सोपेपणास स्थान देऊ नये.

स्पर्धा परीक्षांविषयीही येथेच लिहिणे योग्य होईल. ‘साहेब व्हावयाचे आहे’ म्हणून विषय निवडणारी मुले खेडोपाडी पुष्कळ आहेत. राज्यसेवेच्या परीक्षेस कोणत्याही मान्य शाखेची पदवी चालते. त्यासाठी अमुकच विषय घेतला पाहिजे असे नाही. उमेदवार शेकड्यांनी नव्हे, लाखांनी असतात आणि जागा थोड्या. म्हणून पदवीचा मुख्य विषय असा असावा की, परीक्षेत यश न आले तरी त्या विषयाच्या बळावर मनुष्य पोट भरू शकेल. आंतरपीक घेणारा शेतकरी एका पिकावर सर्व भरवसा ठेवीत नाही; हेच धोरण येथे ठेवावे.

आपल्या भूमीचा विषय

तिसरी गोष्ट खुल्या वैकल्पिक विषयाची व कौशल्याच्या विषयांची. हे विषय थोड्या श्रेयांकांचे असल्यामुळे विद्यार्थी त्यांकडे दुर्लक्ष करतात व जागा शिल्लक असेल तो विषय घेऊन मोकळे होतात. आम्हांस मात्र शेतकऱ्याच्या मुलाच्या दृष्टीने नव्या रचनेतील सर्वांत उपयुक्त भाग हाच वाटतो. विज्ञान शिकणाऱ्या मुलाने सहकार, ग्रामीण अर्थव्यवस्था, प्राथमिक हिशेब अगर कायद्याची ओळख असा विषय मिळत असल्यास घ्यावा. कला शाखेतील मुलीने पर्यावरण, आरोग्य व आहार, किंवा संख्याशास्त्राची ओळख असा विषय घ्यावा. भूगोल शिकणाऱ्याने संगणकावर नकाशे तयार करण्याचे कौशल्य अवश्य शिकावे. गावठाणांची मोजणी ड्रोनद्वारे करण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारने 2020 साली सुरू केली. साखळीच्या जागी उपग्रह व विमानी छायाचित्रे आली आहेत आणि ती वाचणाऱ्यांची गरज वाढत जाणार आहे.

शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांचेच उदाहरण घ्या. अशा कंपन्यांची तरतूद कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने झाली. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कंपनी नोंदविली तरी तिचे जमाखर्च, सभांची इतिवृत्ते व वार्षिक विवरणपत्रे वेळच्या वेळी ठेवणारे माणूस गावात नसते. मग प्रत्येक कागदासाठी बाहेरच्या मनुष्यास पैसे मोजावे लागतात. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलाने दोन श्रेयांकांचा हिशेबाचा विषय घेतला तर एवढी उणीव भरून काढण्याची सुरुवात तरी होते.

निरनिराळ्या विषयांचे ज्ञान एकत्र आले म्हणजे त्यातून शेतकऱ्याचे हित कसे साधते, ह्याचे दाखले आपल्याच इतिहासात आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते. परंतु विषयनिवडीचा त्यांचा धडा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही घेण्यासारखा आहे. अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून त्यांनी त्याच्या जोडीस इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र व राज्यशास्त्र ह्यांचेही अध्ययन केले. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात केवळ तुकडे एकत्र करून भागणार नाही, जमिनीवर पडलेला अतिरिक्त माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविला पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. केवळ शेताचा बांध पाहणाऱ्यास हे सुचले नसते.

त्याच काळात पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे होते. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परंतु मातीच्या पृथक्करणावर न थांबता त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गावी घरोघर व शेतोशेत जाऊन पाहणी केली व 1917 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या गावी 1771 साली सरासरी 40 एकरांचे असलेले खाते 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आले होते, हे त्यांनी जुन्या दप्तरांच्या आधारे दाखवून दिले. रसायनशास्त्रज्ञास जमीनमहसुलाची दप्तरे वाचावीशी वाटली, म्हणूनच हे घडले. पुढे प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील ह्यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला व 1950 साली त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते धनंजयराव गाडगीळ, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. विद्या व शेती ह्यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील त्या कारखान्याने दाखविले.

कृषी पदवीविषयी

शेतकऱ्याच्या मुलाने कृषी महाविद्यालयातच जावे काय, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तेथे शेती, उद्यानविद्या, वनविद्या, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान असे निरनिराळे पदवी अभ्यासक्रम विद्यापीठांतून वा त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतून चालतात. येथे खरी निवड प्रवेशाच्या वेळीच, म्हणजे अभ्यासक्रमाची होते. आत गेल्यावर पहिल्या वर्षाचे बहुतेक विषय सर्वांस सारखे व सक्तीचे असतात. निवडीस वाव राहतो तो कौशल्याच्या विषयांत: बीजोत्पादन, माती व पाणी परीक्षण, अळिंबी उत्पादन, मधमाशीपालन इत्यादी. ह्यांपैकी आपल्या शेतात सुट्टीत करून पाहता येईल असे एक कौशल्य आणि नोकरी-व्यवसायास उपयोगी पडेल असे दुसरे, अशी जोडी घ्यावी.

घरी शेती आहे एवढ्याच कारणासाठी कृषी पदवी घेऊ नये, आणि घरच्या शेतीचे हाल पाहिले म्हणून ती टाळूही नये. ज्यास झाडाची, मातीची अगर जनावराची मुळात जिज्ञासा आहे, त्याने खुशाल जावे. ज्याची बुद्धी यंत्राकडे धावते, त्याने कृषी अभियांत्रिकी पाहावी. आणि ज्यास ह्यांतले काहीच रुचत नाही, त्याने अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकूनही शेतीची सेवा करता येते, हे वरील दाखल्यांवरून ध्यानात घ्यावे.

गाडी, वेळापत्रक व खर्च

आता माहितीपत्रकात न छापलेल्या गोष्टींकडे वळू. आमच्या परिचयाच्या एका जिरायत गावातील मुलीने पहिल्या वर्षी तीन प्रात्यक्षिकांचे विषय घेतले. प्रात्यक्षिके दुपारी उशिरा सुटत आणि तिच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी त्यापूर्वीच निघून जाई. आठवड्यातून दोन दिवस प्रात्यक्षिक बुडू लागले. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली. सत्र मंजूर होण्याची पंचाईत पडली. मुलगी हुशार होती व विषयही तिचे आवडीचे होते. गाडीची वेळ मात्र कोणी विचारली नव्हती. एका विषयाची प्रात्यक्षिकांची तुकडी बदलून सकाळची मागितली असती तर हा प्रसंग आला नसता. पुढे तेच करून तिने वर्ष सावरले, परंतु एका सत्राचे गुण गेले ते गेलेच.

तात्पर्य, रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्याने वेळापत्रक हाती आल्यावाचून विषय पक्के करू नयेत. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या विषयास वेळ व पैसा दोन्ही जास्त लागतात: प्रयोगवही, साहित्य, सहल, प्रयोगशाळेचे शुल्क. खर्चाचा अंदाज अगोदरच मागून घ्यावा. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी संकेतस्थळावर भरावे लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा व आवश्यक ते अन्य दाखले तहसील कार्यालयातून मे महिन्यातच काढून ठेवावेत. जूनमध्ये तेथे उभे राहावयासही जागा नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, तिचीही चौकशी करावी. तसेच, वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने 2024 साली घेतला आहे. तेव्हा मुलीसाठी केवळ शुल्काच्या भीतीने स्वस्त विषय पाहण्याचे कारण उरलेले नाही.

अर्ज भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

पालकाने मुलासमवेत एक दिवस महाविद्यालयात जावे व पुढील प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

1. मुख्य विषय आत्ताच ठरतो की दुसऱ्या वर्षी? दुसऱ्या वर्षी ठरत असल्यास जागा गुणांवर मिळतात काय?

2. माहितीपत्रकात छापलेले सर्व विषय यंदा प्रत्यक्ष शिकविले जाणार आहेत काय? पुरेसे विद्यार्थी न आल्यास कोणते विषय बंद होतात?

3. ह्या विषयाचे कायम अध्यापक किती आहेत? प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे काय?

4. हा विषय तिसऱ्या वर्षापर्यंत ह्याच महाविद्यालयात आहे, की मध्येच दुसरीकडे जावे लागेल?

5. ह्या विषयांच्या जोडीवर पुढे कोणकोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांस प्रवेश मिळतो व कोणत्या नाही?

6. विषय बदलावयाचा झाल्यास शेवटची तारीख कोणती व अर्ज कोणाकडे द्यावयाचा?

दुसऱ्या व सहाव्या प्रश्नांकडे विशेष लक्ष द्यावे. छापील यादीत विषय असणे व वर्गात शिक्षक असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विषय झेपत नाही असे वाटल्यास मुदतीच्या आत बदलून घेण्यात कमीपणा नाही. मुदत टळल्यावर मात्र विनंत्यांचा उपयोग क्वचित होतो. बदलाचा अर्ज दिल्यास त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेली गोष्ट दप्तरात सापडत नसते.

अधिक एक गोष्ट. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 श्रेयांक व त्याशिवाय नेमून दिलेला 4 श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम अगर कार्यानुभव पूर्ण केल्यास प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा नव्या रचनेत आहे. ठरावीक मुदतीत परत येऊन पुढील शिक्षण घेता येते, व मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे श्रेयांक पेढीत जमा राहतात. दुष्काळ, आजार अगर घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगी ही सोय मोलाची आहे. परंतु ती अडचणीची वाट आहे. सुरुवातीपासूनच ‘एक वर्ष करून सोडू’ अशा हिशेबाने विषय निवडू नयेत.

पालकांस विनंती

कित्येक कुटुंबांत मुलाच्या शिक्षणापायी सोने गहाण पडते, विहिरीचे काम लांबते, प्रसंगी अर्धा एकर जमीनही जाते. ह्या त्यागामुळे पालकास वाटते की विषय ठरविण्याचा हक्कही आपलाच. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. तथापि अभ्यास करावयाचा तो मुलाने, परीक्षेस बसावयाचे ते मुलाने, आणि त्या विद्येवर पुढील चाळीस वर्षे काढावयाची तीही त्यानेच. पालकाने प्रश्न विचारावेत, खर्चाची मर्यादा स्पष्ट सांगावी, घरची खरी परिस्थिती मुलापासून लपवू नये. निर्णय मात्र मुलाने, सर्व माहिती घेऊन, स्वतःच्या हाताने कागदावर लिहावा. तीन ओळी पुरेत: पायाचा विषय कोणता व का, आवडीचा कोणता व का, आपल्या भूमीचा कोणता व का. ह्या तीन ओळी ज्याला लिहिता येत नाहीत, त्याने अर्ज भरण्यास एक-दोन दिवस थांबावे. मुलींच्या बाबतीतही हीच रीत ठेवावी. ‘तिला काय, कोणतेही विषय चालतील’ हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. ते घराघरांतून नाहीसे झाले पाहिजे.

शेवटी आपल्या संघाच्या शाखांस एक सूचना करतो. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक शाखेने गावातील अगर शेजारगावातील महाविद्यालयात शिकणाऱ्या चार-पाच विद्यार्थ्यांस बोलावून नव्या विद्यार्थ्यांची व पालकांची एक बैठक भरवावी. कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय नीट शिकविला जातो, कोणाची गाडी चुकते, कोणत्या विषयाची पुस्तके कोणाकडे आहेत, ही माहिती त्या एका सायंकाळी जितकी मिळेल तितकी कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. झालेल्या चर्चेचे टिपण शाखेच्या दप्तरी ठेवावे, म्हणजे पुढील वर्षी येणाऱ्यांस ते आयते उपयोगी पडेल. जुनी पुस्तके ह्याच बैठकीत हस्तांतरित झाली तर खर्चही वाचेल. ज्या शाखा असा उपक्रम करतील त्यांनी आपले अनुभव ह्या मासिकाकडे अवश्य कळवावेत.